आधी माणूस जगला पाहिजे

समाजकार्याचे शिक्षण पुरे करून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी, व्यसनमुक्ती केंद्रांतल्या परिचारिका, एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांतले क्षेत्र कार्यकर्ते, आणि स्वतः नशेतून गेलेले व आज त्याच वस्तीत ‘पीअर एज्युकेटर’ म्हणून हिंडणारे सोबती या सगळ्यांचे या ग्रंथात स्वागत आहे. ज्यांच्या घरात कुणी गर्दमध्ये, गोळ्यांमध्ये किंवा सुईत अडकले आहे, त्यांचेही तितकेच स्वागत. विषय आहे हार्म रिडक्शन. एखाद्याची नशा आज सुटत नसेल, तर ती सुटेपर्यंत तो मरू नये, त्याला एचआयव्ही किंवा कावीळ लागू नये, त्याचा हात कुजू नये, तो माणसांतून उठू नये, यासाठी रोज करायचे हे काम. मराठीत व्यसनमुक्तीवर बरेच लिहिले गेले. या कामावर आणि ते करणाऱ्यांवर फार थोडे.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख व्यसनमुक्तीच्या वाटेने झाली. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने ती मध्यमवर्गाच्या दारापर्यंत आणून दाखवली. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळावर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार किंवा वाया गेलेला नसून आजारी आहे, ही समज मराठी घरांत रुजली ती त्या पिढीच्या कष्टांमुळे. तिचे ऋण मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण काही प्रश्न उरले. जो आज सोडायला तयार नाही त्याचे काय? ज्याला केंद्रात पोचवायला घरचे कुणी नाही, जो रेल्वेच्या रुळांलगत किंवा पुलाखाली राहतो, जो केंद्रात जाऊन आला आणि पुन्हा घसरला, त्याचे काय? ‘सोडायची तयारी झाली की ये’ असे सांगून आपण दार लावून घेतले, तर तयारी होईपर्यंत तो जिवंत राहीलच याची हमी कुणी दिली आहे? हार्म रिडक्शनचे काम या प्रश्नापाशी सुरू होते.

जगाला हे उत्तर सुचले ते मोठी किंमत मोजल्यावर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिनबरो शहरात पोलिसांच्या कडक धोरणामुळे सिरिंज मिळणे दुर्मीळ झाले. नशा थांबली नाही, मात्र एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली. १९८६ मध्ये तिथल्या एका दवाखान्यातल्या हेरॉइन टोचणाऱ्यांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जवळपास निम्म्यांना एचआयव्ही झाल्याचे दिसले. त्याच वर्षी लिव्हरपूलने उलटी वाट धरली : वापरलेली सुई आणा, नवी न्या. त्याआधी, १९८४ मध्ये, ॲमस्टरडॅममध्ये हेपॅटायटिस बी पसरत असताना नशा करणाऱ्यांच्या संघटनेनेच सुया वाटायला घेतल्या होत्या. या क्षेत्राचा उगम असा, ज्यांच्या जिवावर बेतले होते त्यांच्याच पुढाकारातून झालेला आहे. अभ्यासकाने हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

आपल्या देशातला सर्वांत कठोर धडा मणिपूरचा. म्यानमारच्या सीमेपलीकडून येणारे हेरॉइन तिथल्या तरुणांत टोचून घेतले जाई. १९८९ च्या मध्यापर्यंत त्यांच्यात एचआयव्ही जवळजवळ सापडतच नव्हता. पुढच्या अवघ्या काही महिन्यांत तपासलेल्यांत त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. इम्फाळमध्ये नशेतून बाहेर आलेल्या तरुणांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या, आणि भारतातल्या या कामाचा पाया पुष्कळसा त्यांनी घातला. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने सुई-सिरिंज वाटप आणि ब्युप्रेनॉर्फिनचा पर्यायी औषधोपचार, म्हणजे ओएसटी, आपल्या कामात घेतला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक नशा टोचून घेतात. २०२१ च्या पाहणीत अशा लोकांत एचआयव्हीचे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आढळले. एकूण प्रौढ लोकसंख्येत ते पाव टक्काही नाही. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे आपल्यापुढचे काम.

या क्षेत्राची चर्चा बहुतेक वेळा साधनांपाशीच थांबते : सुया किती वाटल्या, गोळ्या किती दिल्या. साधने हवीतच. पण सिरिंज स्वतःहून पुलाखाली जात नाही. तिला तिथवर नेणारा एक माणूस असतो, आणि त्याच्यावर विश्वास नसेल तर ती घेतली जात नाही, घेतली तरी वापरून परत येत नाही. हार्म रिडक्शनचे शास्त्र कार्यकर्त्याच्या नात्यावर उभे आहे. हे नाते जोडण्या-टिकवण्याचे कौशल्य शिकता येते, शिकवता येते, तपासता येते. म्हणून त्याला ज्ञानशाखेचा मान मिळायला हवा. या ग्रंथाचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे.

हे कौशल्य कसे दिसते? कार्यकर्त्याची झोळी उघडून पाहा : सिरिंजा, निरनिराळ्या मापांच्या सुया, स्पिरिटचे स्वॅब, डिस्टिल्ड वॉटर, कंडोम, आणि वापरलेल्या सुयांसाठी टोचणार नाही असा जाड प्लास्टिकचा डबा. नवखा माणूस सुई हातात देतो आणि पुढे जातो. मुरलेला कार्यकर्ता तिथे बसतो आणि पाहतो. चौघांकडे चार नव्या सुया असतात, पण औषध एकाच झाकणात विरघळते, पाणी एकाच बाटलीतले, गाळायचा कापूसही एकच. सुई वेगळी असली तरी हेपॅटायटिस सीचा विषाणू त्या पाण्यातून आणि कापसातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. सिरिंजमध्ये तो कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे तग धरतो. कार्यकर्त्याला हे ठाऊक असते, पण तो भाषण ठोकत नाही. तो चौघांना चार झाकणे देतो, पाणी वेगवेगळे घ्यायला सांगतो, आणि दंडावर लाल होऊन तापलेली जागा दिसली तर म्हणतो, ‘हे पिकेल. उद्या सेंटरला ये, सिस्टरला दाखवू.’ तो आला, तर ड्रेसिंग होते, अंघोळ होते, चहा होतो, आणि कधीतरी तोच विचारतो, ‘भाऊ, ती जिभेखालची गोळी मला मिळेल का?’ हेपॅटायटिस सीची तपासणी आणि औषधे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. पण त्या खिडकीपर्यंतचा रस्ताही या झाकणापासूनच सुरू होतो.

जिभेखालच्या गोळीचेही असेच. ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड गटातलेच औषध. ते मेंदूतल्या त्याच जागा घट्ट धरते, पण नशा मर्यादितच देते आणि तलफ थोपवते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ते आणि मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. केंद्रावर गोळीची भुकटी करून रुग्णाच्या जिभेखाली ठेवतात आणि ती विरघळेपर्यंत, पाच-दहा मिनिटे, त्याला समोर बसवतात. पहिला डोस मात्र अवेळी दिला तर अनर्थ होतो. अंगात हेरॉइन ताजे असेल तर ही गोळी त्याला हुसकावून लावते, आणि माणसाला एकाएकी भयंकर टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास सुरू होतो. म्हणून आधी लक्षणे दिसावी लागतात : जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, मोठ्या झालेल्या बाहुल्या. शेवटची नशा कधी केली, याचे खरे उत्तर रुग्ण डॉक्टरला देईलच असे नाही; बाकावर शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याला तो बहुधा देतो. पहिल्या दिवसाचा अनुभव वाईट आला तर तो माणूस पुन्हा फिरकत नाही. त्या खऱ्या उत्तरावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात.

ओव्हरडोसच्या वेळी तर मिनिटांचा हिशेब असतो. श्वास मंदावतो, ओठ निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हाक मारून, हलवून माणूस उठत नाही. अशा वेळी तोंडाने श्वास द्यायचा, रुग्णवाहिका बोलवायची आणि हेरॉइनचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन टोचण्याची सोय करायची. आपल्याकडे नॅलोक्सोन मुख्यतः डॉक्टर आणि परिचारिकांच्या हाती आहे; वस्तीतल्या प्रशिक्षित कार्यकर्त्याकडे ते असावे, असे माझे ठाम मत आहे. त्याचा असर तासा-दीड तासात ओसरतो, आणि अंगातले हेरॉइन अजून उतरलेले नसेल तर श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसाला एकटे सोडायचे नाही. सर्वांत मोठा धोका कुणाला, हेही लक्षात ठेवावे. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच सुटलेल्याला. शरीराची सवय मोडलेली असते आणि हात मात्र जुन्याच मापाने भरतो. म्हणून सुटकेच्या दिवशी त्याला गाठणारा कार्यकर्ता हा व्यसनमुक्तीच्या कामाचाच भाग आहे. ‘मुक्ती की हानी कमी करणे’ असा वाद घालणाऱ्यांनी या एका दिवसाचा विचार करावा.

कायद्याची बाजू समजून घेतल्याशिवाय या कामात पाऊल टाकू नये. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार अमली पदार्थाचे सेवन हा गुन्हा आहे; हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्यातले कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला, काही अटींवर, खटल्यापासून संरक्षण देते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे कलम २२ सांगते की संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी सुया, कंडोम किंवा पर्यायी औषध देणे-घेणे गुन्हा ठरत नाही. ही कलमे पाठ असलेला कार्यकर्ता नाक्यावरच्या हवालदाराशी न भांडता बोलू शकतो. ठाण्याशी असलेले सलोख्याचे संबंध हेही त्याचे साधनच आहे.

नवा वाचक एक प्रश्न हमखास विचारतो आणि त्याने तो विचारावाच : सुया देऊन आपण नशेला खतपाणी तर घालत नाही ना? जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. सुई-वाटपाने एचआयव्हीचा प्रसार घटतो, आणि त्याने नशा वाढते असा पटण्याजोगा पुरावा नाही, असे त्यात दिसले. पण केवळ पुराव्याने मन वळत नाही, हे मी जाणतो. ज्या आईने मुलाच्या हातून पैसे, दागिने आणि झोप गमावली, तिला सुईचे पाकीट बघवत नाही. तिच्याशी वाद घालू नये. तिला एवढेच सांगावे की तो उद्या सोडू शकेल, पण त्यासाठी उद्या तो असायला हवा.

या क्षेत्राच्या उणिवाही नीट मांडल्या पाहिजेत. एमडी म्हणजे मेफेड्रोनसारख्या उत्तेजक नशांसाठी ओएसटीसारखे पर्यायी औषध नाही, आणि शहरांतली तरुण पिढी तिकडे वळते आहे. स्त्रिया सेवेपर्यंत पोचतच नाहीत : केंद्रे पुरुषांनी भरलेली असतात, मुलाला कुठे ठेवायचे हा प्रश्न असतो, आणि बदनामी दुप्पट होते. स्वतः नशेतून आलेल्या पीअर एज्युकेटरच्या ओळखीवर सारा प्रकल्प चालतो, पण त्याला मिळते ते तुटपुंजे मानधन. रोज तीच जागा, तीच पन्नी, तोच वास. त्यात त्याची स्वतःची नशामुक्ती पणाला लागते. वर्षभर जोडलेला माणूस एके सकाळी गेल्याचे कळते आणि दुपारी पुन्हा फेरीवर निघावे लागते. या शोकाला बोलायला जागा, नियमित मार्गदर्शक बैठक, रजा आणि पगार हे कार्यकर्त्यावरचे उपकार नव्हेत. त्यांच्याशिवाय सेवेचा दर्जा टिकत नाही.

ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिल्यात इतिहास आणि कायदा, दुसऱ्यात शरीरशास्त्र आणि औषधे, तिसऱ्यात वस्तीतले प्रत्यक्ष काम, चौथ्यात कार्यकर्त्याची स्वतःची काळजी आणि संघटन. हे काम करणाऱ्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. विद्यार्थ्यांनी मात्र पहिला भाग गाळू नये. कुठलेही प्रकरण शेवटचा शब्द नाही. बाजारातला माल बदलतो, नशेच्या पद्धती बदलतात, आणि कालची सूचना आज अपुरी पडते. ते सर्वांत आधी वस्तीत फिरणाऱ्याच्या लक्षात येते.

म्हणून वाचकाला विनंती आहे. तुम्ही या कामात असाल तर आपली निरीक्षणे मराठीत लिहून ठेवा, कुणाचे नाव उघड न करता, तारीख आणि तपशील नीट देऊन. तुम्ही शिकवत असाल तर ती वर्गात अभ्यासाला लावा आणि लिहिणाऱ्याला वर्गात बोलवा. निर्णय घेण्याच्या जागेवर असाल तर त्याला बैठकीत खुर्ची द्या आणि पुऱ्या कामाचा पुरा पगार द्या. या ज्ञानशाखेला आज सर्वांत जास्त गरज आहे ती माणसांची, आणि तुमच्यासाठी तिथे भरपूर जागा आहे.