रंगरेषांत राहिलेली कामगार वस्ती

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. पण भोंगा झाला की डबा घेऊन पाळीला निघणारा माणूस, नळावरच्या रांगेतली बाई, चाळीच्या कठड्याला टेकलेला बदली कामगार, यांचा इतिहास कोणी ठेवला? शब्दांत तो आपल्या लेखकांनी ठेवला. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं आणि आपलं जगणं छापलं गेलं. पण माणूस उभा कसा राहायचा, थकून बसायचा कसा, हे शब्दांत पुरतं मावत नाही. त्याला चित्र लागतं. हे काम ठाण्यात राहून एका डॉक्टरने केलं, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

डॉ. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. १९७२ साली ते तिथेच डॉक्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईला आले. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात एक्स-रे तज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. चित्रकलेच्या कॉलेजात ते कधी गेले नाहीत, स्वतःच शिकले. तरुणपणी मार्क्सवादी विचारांचा प्रभाव होता, त्यामुळे नजर कष्टकऱ्यावर गेली. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), लोकलच्या डब्यातली माणसं दाखवणारं 'ट्रेन' (१९८०), 'टाउन' (१९८४) ही त्यांची गाजलेली चित्रं. त्यांचा कामगार मूठ आवळलेला पोस्टरवरचा वीर नाही आणि कीव करावी असा दुबळाही नाही. तो आपल्यासारखा साधा, अंगापिंडाने भरलेला, स्वतःच्या विचारात असलेला माणूस आहे.

ही चित्रं निघत होती तेव्हाच ते जग मोडत होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, पण गिरण्या एकेक करून बंद पडल्या. साचेखातं गेलं, खानावळी गेल्या, जमिनीवर टॉवर आले. त्या बदलाचं चित्र म्हणजे 'लोअर परळ' (२००१). आपल्याकडेही तेच झालं. ठाण्याची वागळे इस्टेट ही १९६२ च्या सुमाराची, एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथले आणि पोखरण रोडचे कितीतरी कारखाने पुढे गेले आणि इमारती उभ्या राहिल्या. पटवर्धनांनी 'पोखरण' १९९२ साली रंगवलं, 'उल्हासनगर' २००१ साली. म्हणजे कल्याण-ठाण्याचा हा पट्टाही चित्रात आला.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. हे चित्रकार मध्यमवर्गातले. आपण बाहेरून पाहतो आहोत याची जाणीव त्यांनी स्वतःच वेळोवेळी बोलून दाखवली आहे. हा त्यांचा मोठेपणा. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. पण ज्यांच्या आयुष्यावर ती चित्रं उभी आहेत, त्यांतले किती जण त्या दारातून आत गेले असतील? आणि दुसरं असं की, बाहेरच्या नजरेला रस्ता आणि स्टेशन दिसतं. दहा बाय दहाच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो, जयंतीच्या आदल्या रात्रीची धावपळ, श्रमदानाने भरलेला विहाराचा पाया, हे आतल्या माणसालाच नीट ठाऊक असतं.

चाळी पाडल्या जातात. जुनी माणसं जातात, त्यांच्याबरोबर कोणती खोली कोणाची होती हेही जातं. म्हणून माझी एक विनंती आहे. वस्तीतल्या पोरांनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं. त्यांनी सांगावं, पोरांनी कागदावर काढावं : नळ कुठे, पिंपळ कुठे, पहिली सभा कुठे भरली. रेघ वाकडी आली तरी चालेल. पटवर्धनही कोणाकडे शिकायला गेले नव्हते. ते कागद विहाराच्या भिंतीवर लागावेत. दुसऱ्याने आपलं चित्र काढलं याचा आनंद आहेच; आपलं आपण काढलं तर आपला इतिहास आपल्या हातात राहील.