कमरेच्या किल्ल्या



एसटीत बसलो की 'लेडीज' हा शब्द आपण रोज ऐकतो. 'लेडी' म्हणजे बाई, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण हा शब्द फार जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे पावाची कणीक मळणारी. 'लॉर्ड' या शब्दाचा मूळ अर्थ पाव राखणारा. म्हणजे घरची मालकीण आणि घरचा मालक, दोघांचीही ओळख भाकरीवरून! ज्या लोकांनी हे शब्द घडवले, त्यांना अँग्लो-सॅक्सन म्हणतात. आज त्यांच्या घरात जरा डोकावून येऊ. रात्री मुलांनाही सांगता येईल.

इंग्लंडवर आधी रोमन लोकांचं राज्य होतं. सन ४१० च्या सुमारास ते संपलं. मग आजच्या जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, जूट अशा टोळ्या समुद्र ओलांडून तिथे येऊन राहिल्या. अँगल लोकांवरूनच 'इंग्लंड' हे नाव पडलं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि त्यांचं राज्य गेलं. त्या काळाच्या शेवटी शेवटी आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

सफोक भागात वेस्ट स्टो नावाच्या ठिकाणी त्यांचं एक जुनं गाव उकरून काढलं आहे. तिथेच तशी घरं पुन्हा बांधून ठेवली आहेत. रोमनांच्या दगडी इमारती आसपास असूनही हे लोक घरं बांधत ती लाकडाचीच. जाड खांब, फळ्यांच्या नाहीतर कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर. घराच्या मध्यभागी चूल. धुराडं नाही; धूर छपरातूनच झिरपत बाहेर जायचा. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

जेवणात जव, राय, गहू यांचा पाव, आणि धान्य, वाटाणे, कांदा, पाला एकत्र शिजवलेली पातळ पेज. गोडाला मध, कारण साखर ठाऊकच नव्हती. बटाटा, टोमॅटो, मिरची यांपैकी काहीच नाही. ती सगळी पुढे कित्येक शतकांनी अमेरिकेतून आली. धान्य दळायला दगडी जातं. सामान्य घरच्या मुलांना शाळा नव्हती. लिहिणं-वाचणं बहुतेक मठांतच. घरची पोरं लाकडं वेचत, कोंबड्या-डुकरं राखत, लहान भावंडं सांभाळत. त्यांच्या फ्रिग नावाच्या देवीवरून 'फ्रायडे' हा शब्द आला. देवीचा वार त्यांच्याकडेही शुक्रवारच!

बाईचं मोठं काम म्हणजे कापड. लोकर विंचरायची, टकळीवर सूत काढायचं आणि उभ्या मागावर विणायचं. माग भिंतीला टेकवलेला असे आणि धागे ताठ राहावेत म्हणून खाली मातीची गोल कडी बांधलेली असत. ही कडी आणि टकळीच्या चकत्या उत्खननांत ढिगानं सापडतात. अंगावरचा कपडा, पांघरूण, होडीचं शीड, धान्याची पोती, सगळं याच कामातून यायचं. म्हणून आल्फ्रेड राजाच्या इच्छापत्रात पुरुषांकडच्या वंशाला 'भाल्याची बाजू' आणि बायकांकडच्या वंशाला 'टकळीची बाजू' म्हटलं आहे. पण त्यातच असंही लिहिलं आहे, की आजोबांनी जमीन दिली ती भाल्याच्या बाजूला, टकळीच्या नाही.

बायकांच्या थडग्यांत आणखी एक वस्तू सापडते. कमरेला लटकवलेल्या किल्ल्या. किल्ल्यांचा जुडगा कमरेला असणं म्हणजे काय, हे आपल्या सासवांनी आपल्याला चांगलं शिकवलं आहे. तिथे मात्र त्या किल्ल्यांना कायद्यात स्थान होतं. १०१६ ते १०३५ या काळात क्नूट नावाच्या राजानं इंग्लंडवर राज्य केलं. त्याचा कायदा सांगतो: नवऱ्यानं चोरीचा माल घरात आणला, तर बायको दोषी नाही. कारण नवऱ्याला ती अडवू शकत नाही. पण तो माल तिच्या कोठीत, तिच्या पेटीत किंवा तिच्या कपाटात सापडला, तर मात्र ती दोषी. कारण त्यांच्या किल्ल्या तिच्याकडे! म्हणजे हक्क आला की जबाबदारीही आली. याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. त्याआधी लोभी लोक पाळण्यातल्या बाळालाही बापाच्या चोरीत दोषी धरत. ते राजानं बंद केलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बायकोला भेट देत असे. दागिने, गुरं, श्रीमंताघरी जमीनसुद्धा. ती तिची स्वतःची. बायका इच्छापत्रं करत, जमीन देत-घेत. पण हे भाग्य सगळ्यांचं नव्हतं. विनफ्लॅड नावाच्या श्रीमंत बाईचं दहाव्या शतकातलं इच्छापत्र आजही आहे. त्यात तिनं कपडे वाटले आहेत, कित्येक गुलामांना मोकळं केलं आहे, आणि कापड विणणारी एक बाई आणि शिवणारी एक बाई वस्तूंसारख्या दुसऱ्याला देऊनही टाकल्या आहेत. एकीच्या हाती इच्छापत्र, तर दुसरी त्या इच्छापत्रातला माल. जुन्या काळाचं कौतुक करताना हे विसरून चालायचं नाही.

आता शेवटची गोष्ट. क्नूटच्याच काळात हेरफोर्ड भागात सभा भरली होती. एडविन नावाचा माणूस उठला आणि त्यानं आपल्या आईवरच जमिनीचा दावा लावला. आई सभेत नव्हती. मग तीन प्रतिष्ठित माणसं घोड्यावरून तिच्याकडे गेली. तिला विचारलं, मुलगा म्हणतो त्या जमिनीचं काय? ती म्हणाली, त्याची अशी कुठलीच जमीन माझ्याकडे नाही. तिला मुलाचा फार राग आला. तिनं शेजारी बसलेल्या लिओफ्लॅड या नात्यातल्या बाईला पुढे बोलावलं आणि तिघांदेखत सांगितलं: माझ्यामागे माझी जमीन, सोनं, कपडे, जे आहे ते सगळं हिचं. मुलाला काही नाही. हे सभेत जाऊन नीट सांगा, आणि सगळ्यांना साक्षी ठेवा.

त्यांनी तसं सांगितलं. सभेनं ते मानलं. लिओफ्लॅडचा नवरा थर्किल सभेतच होता. तो लगेच घोड्यावर बसून हेरफोर्डच्या मोठ्या चर्चमध्ये गेला आणि सगळ्यांच्या संमतीनं ही गोष्ट तिथल्या पवित्र ग्रंथात लिहून घेतली. तो ग्रंथ आजही तिथे आहे. म्हणून हजार वर्षांनी आपण ही गोष्ट बोलतो आहोत.

पुढे नॉर्मन आले आणि कायदे बदलले. लग्न झालेल्या इंग्रज बाईची मालमत्ता कित्येक शतकं नवऱ्याच्या ताब्यात जात राहिली. ती तिची तिला पूर्ण मिळायला १८८२ चा कायदा यावा लागला. मिळालेला हक्क मागेही जाऊ शकतो, तो असा.

आणि त्या आईचं नाव काय होतं? त्या नोंदीत मुलाचं नाव आहे, नात्यातल्या बाईचं आहे, निरोप नेणाऱ्या माणसांचीही आहेत. तिचं मात्र नाही. जमीन तिची, शब्द तिचा, आणि कागदावर ती नुसती 'एडविनची आई'.

गटाच्या पुढच्या बैठकीत घरचा सातबारा आणि घराचा उतारा घेऊन या. आपलं नाव त्यावर आहे का, सगळ्या मिळून बघू.