मंत्रचळ: कुडाळच्या विहिरीपासून लंडनच्या नळापर्यंत

आजचा भाग कुडाळहून. मागे पावसाचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या.

माझ्या आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी. विहिरीवरून कळशी भरून आणायची, वाटेत कुणाचा स्पर्श झाला अशी शंका आली की ओतून परत विहिरीवर. चार-चार खेपा. हातांची सालं निघालेली. घरचे म्हणायचे, “तिचा सोवळा जरा कडक आसा, बाकी काय नाय.”

पण सोवळं पाळून माणसाला समाधान मिळतं. हिला ते कधीच मिळालं नाही.

मराठीत याला नेमका शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र चुकला की चळ लागतो, अशी जुनी समजूत त्यामागे आहे. चुकलं का? परत म्हण. आता? परत. आज डॉक्टर ओसीडीला हाच शब्द वापरतात.

१८३८ साली फ्रेंच डॉक्टर एस्किरोल यांनी एका बाईची नोंद केली. दुसऱ्याची मौल्यवान वस्तू चुकून आपल्याकडे आली असेल, या भीतीने ती सारखी तपासत राहायची. आणि हे सगळं वेडगळ आहे, हे तिला स्वतःला कळत होतं! या आजाराची खरी छळवणूक हीच. पुढे फ्रॉइडने १९०९ साली अशाच एका रुग्णावर प्रसिद्ध लेख लिहिला. कारणं शोधली गेली, पण धुणं-तपासणं थांबवणारा खात्रीचा उपाय बरीच वर्षं हाती नव्हता.

तो मिळाला १९६६ साली. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी हात धुण्याचा चळ असलेल्या बाईच्या खोलीतलं पाणीच बंद केलं. तिला ‘घाणेरड्या’ वस्तूंना हात लावायला सांगितलं, सोबत माणूस ठेवला. आधी भीती वाढली, मग धुतल्याशिवायच हळूहळू ओसरली. आज हा उपचार पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने करतात. त्याच सुमारास क्लोमिप्रामिन या गोळीचाही गुण दिसू लागला. आता सेरोटोनिनवर काम करणारी इतर औषधंही आहेत. मात्र गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, चार दिवसांत गोळी सोडायची नाही.

निदान रक्त तपासून होत नाही, विचारून होतं. नको असलेले विचार किंवा त्यापायी केलेल्या कृती दिवसाचा तासाभरापेक्षा जास्त वेळ खातात का? काम, झोप, नाती बिघडतात का? मग डॉक्टर गाठायचा.

१९६६ सालीच मावशीआजी लग्न होऊन कुडाळात आली. रत्नागिरीला मनोरुग्णालय १८८६ पासून होतं. पण ‘ती काय वेडी आसा?’ म्हणून कुणी विषयच काढला नाही. उलट आम्ही सगळे प्रेमाने सांगायचो, “झाला गो, स्वच्छ आसा.” तिला पाच मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा शंका. आज कळतं, प्रत्येक वेळी दिलेला तो दिलासाच चळाला खतपाणी घालत होता.

तुमच्या घरात असं कुणी असेल, किंवा तुम्हीच गॅस बंद केल्याचे फोटो काढून पुन्हा पुन्हा बघत असाल, तर १४४१६ लावा. टेलिमानसची ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतसुद्धा.

मावशीआजीची कळशी अजून आमच्या माळ्यावर आहे. भेटू पुढच्या भागात.