नाममुद्रा आणि जुळणी : कुंडलच्या नांगरापासून स्वस्त संगणकापर्यंत

अल्प खर्चात मेजावरील संगणक घ्यावयाचा झाल्यास तो नामांकित कंपनीचा घ्यावा, की सुटे भाग निवडून स्थानिक कारागिराकडून जुळवून घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ किमतीचा वाटतो. बाजाराने या दोन पर्यायांना ‘ब्रँडेड’ व ‘असेंबल्ड’ अशी नावे दिली आहेत. परंतु वस्तू घरी आल्यानंतर ती बिघडल्यास तिची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा या प्रश्नाचा खरा गाभा होय. त्या दृष्टीने पाहिल्यास, आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या प्रदेशात हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी, नांगराच्या रूपाने, एकदा उपस्थित होऊन गेलेला आहे.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याचा जुना नांगर हा पूर्णतः मागणीबरहुकूम घडविलेला असे. गावचा सुतार बाभळीचे लाकूड पाहून, बैलांची उंची व जमिनीचा पोत ध्यानात घेऊन तो तयार करी. लोहार त्यास फाळ चढवी. मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने मिळे. म्हणजे नांगराची किंमत आणि त्याच्या दुरुस्तीची हमी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. नांगर मोडला तर तो दुरुस्त करणे हे सुताराचे कर्तव्यच होते, आणि सुतार तर गावाबाहेर जाणार नव्हता.

या व्यवस्थेसमोर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर येऊन उभा राहिला. बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याची यंत्रे केली व नंतर नांगर हाती घेतला. लोखंडाने जमिनीस विषबाधा होते अशी समजूत तेव्हा प्रचलित होती, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील माळ व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. (औंध संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. 1949 मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले.)

शेतकऱ्याच्या संशयाचे कारण केवळ अज्ञान होते, असे मानण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. ओतीव लोखंडाचा भाग तुटला तर गावच्या लोहारास तो ऐरणीवर ठोकून नीट करता येत नाही. नवा नांगर घेणारा शेतकरी त्या क्षणी गावाच्या हमीतून बाहेर पडून एका दूरच्या कारखान्याच्या हमीत जात होता. हा संशय केवळ जाहिरातीने फिटणारा नव्हता. झिजलेल्या फाळाच्या जागी दुसरा तंतोतंत बसावा लागे. कारखान्याचे नाव म्हणजे मापाचे वचन, हा अर्थ नाममुद्रेस आपल्याकडे अशा वस्तूंमुळे प्राप्त झाला.

संगणकाच्या बाबतीत या कथेस एक चमत्कारिक वळण मिळालेले आढळते. 12 ऑगस्ट 1981 रोजी आय. बी. एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तो घाईने, आणि म्हणून इतरांचे भाग वापरून : प्रक्रियक इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. तिच्या खास मालकीचे असे त्यात फारसे काही नव्हते. यंत्र सुरू होताना चालणारा ‘बायॉस’ हा लहानसा कार्यक्रम तेवढा होता. त्याच्याशी सुसंगत असा कार्यक्रम कॉम्पॅकने स्वतंत्रपणे लिहविला, 1984 पासून फीनिक्स कंपनी तसाच कार्यक्रम इतर उत्पादकांस विकू लागली, आणि 1995 मध्ये इंटेलने मदरबोर्ड व कॅबिनेट यांची ‘ए. टी. एक्स.’ ही मापे प्रसिद्ध केली. मापाचे वचन एका कारखान्याचे न राहता संपूर्ण व्यवसायाचे झाले. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून आणलेले भाग सांगलीच्या एखाद्या गाळ्यात एका पेचकसाच्या साह्याने जोडता येऊ लागले.

तेव्हा जुळणीचा संगणक म्हणजे सुताराच्या नांगराचा वारस, हे समीकरण अर्धेच खरे आहे. अस्सल मागणीबरहुकूम घडण पाहावयाची तर ती मिरजेच्या सतारीत पाहावी. तेथे प्रत्येक भोपळा वेगळा आणि प्रत्येक जवारी कानाने लावलेली. (2024 मध्ये या सतारींस व तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हातघडणीलाही अखेर नाममुद्रा लाभली.) संगणक जोडणारा काहीच घडवीत नाही, तो निवडतो. परंतु जबाबदारीच्या दृष्टीने मात्र तो सुताराच्याच जागी उभा आहे. त्याचा गाळा ग्राहकाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असतो.

भारतात नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणाने आयात व उत्पादन सुलभ झाले. 1997 मध्ये भारत ज्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, त्यानुसार संगणकावरील आयातशुल्क 2005 पर्यंत शून्यावर आले. जुळणीच्या यंत्राचा स्वस्तपणा मात्र नेहमीच निर्मळ नव्हता. कच्च्या बिलावरील विक्रीत कर वाचे, आणि कार्यप्रणालीची प्रत बहुधा मूल्य न देताच चढविलेली असे. या दोन गोष्टी हिशेबात घेतल्यास दोन्ही पर्यायांतील अंतर बरेच कमी होते. ज्यांच्या खरेदीचे लेखापरीक्षण होते त्या संस्था नामांकित यंत्राकडे वळतात याचेही कारण हेच : लेखापरीक्षकास गाळेवाल्याचा चेहरा दिसत नाही, पावती दिसते.

स्वस्त यंत्रात काटकसर कोठे होते हे पाहणे उद्बोधक आहे. जोडणारा ती वीजपुरवठ्याच्या पेटीत, म्हणजे एस. एम. पी. एस. मध्ये करतो, कारण ग्राहक प्रक्रियक व स्मृती विचारतो, ही पेटी कोणी विचारीत नाही. भारनियमन आणि विजेचा चढउतार भोगलेल्या या भागात हीच पेटी प्रथम जळते व कित्येकदा मदरबोर्डासही घेऊन जाते. उलट, नामांकित कंपनी काटकसर करते ती विस्तारात. रॅमसाठी एकच खाच, अरुंद कॅबिनेट, आणि काही कंपन्यांच्या यंत्रांत तर प्रचलित मापाशी न जुळणारी जोडणी, म्हणजे ज्या मापाच्या वचनावर नाममुद्रा उभी राहिली त्याचाच भंग. हमीची मुदत संपली की अशा यंत्राचा मालक पुन्हा ओतीव लोखंडाच्या नांगरवाल्यासारखा होतो.

देखभालीचा हा भार किती जड असतो हे वारणा खोऱ्यात दिसून आले. 1998 मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावांसाठी तेथे संगणक-केंद्रांची योजना सुरू झाली. काही वर्षांनी यंत्रे जुनी झाली, आणि प्रत्यक्ष काम पाहता ते उसाच्या नोंदींचेच अधिक निघाले. मग सात गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांनी तेच काम करून पाहण्यात आले. ज्याला केवळ नोंदी ठेवावयाच्या आहेत त्याने दोन्ही पर्यायांपूर्वी हा तिसरा तपासणे इष्ट.

नावाच्या चिरस्थायित्वाविषयीही सावध असावे. विप्रो व एच. सी. एल. ही भारतीय संगणकाच्या क्षेत्रातील अत्यंत विश्वासाची नावे. दोहोंनीही 2013 मध्ये संगणक-निर्मितीतून अंग काढून घेतले. कंपन्या टिकल्या, पण त्या नावाचा नवा संगणक मिळेनासा झाला. याचा अर्थ गाळेवाला अधिक टिकाऊ असतो असा मात्र नव्हे. सुतारास गाव बांधून ठेवी. आजच्या जोडणाऱ्यास भाडेकरार बांधून ठेवतो. जुळणीच्या संगणकात प्रत्येक भागाची हमी त्या त्या उत्पादकाची असते, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. पक्के बिल व त्यावरील अनुक्रमांक जवळ असतील तर गाळा बंद झाल्यावरही ती हमी शिल्लक राहते. नसतील तर ग्राहकाजवळ ना सुताराचे वचन, ना कारखान्याचे.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा या तर्कास वेगळीच कसोटी लागली. पुरात बुडालेले यंत्र सामान्यतः कोणत्याच उत्पादकाच्या हमीत बसत नाही. अशा वेळी प्रश्न एवढाच उरतो की कॅबिनेट उघडल्यावर आतला कोणता भाग वाळवून वापरता येईल, कोणता बदलावा लागेल, आणि त्या मापाचा भाग गावात मिळेल काय.