तीस मीटरवरून वाचायचे चित्र

1913 साली मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा वर्तमानपत्रातील त्याची जाहिरात शब्दांची होती. ती वाचता येणाऱ्यांपुरतीच उपयोगाची. 1921 च्या जनगणनेनुसार देशात शंभरात सुमारे सात जण साक्षर होते. मग उरलेल्या त्र्याण्णवांना चित्रपट आल्याचे कसे कळावे? चित्रपटाचे पोस्टर हे या प्रश्नाचे उत्तर होते.

हे उत्तर ठसठशीतपणे दिले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी (1890–1954). नाटकांचे पडदे रंगवून त्यांचा हात तयार झाला होता. नाटकाचा पडदा शेवटच्या रांगेतूनही दिसावा लागतो. बारीकसारीक तपशील तिथे फुकट जातो. ‘वत्सलाहरण’ (1923) आणि ‘कल्याण खजिना’ (1924) या त्यांच्या चित्रपटांची पोस्टरे भारतातील सर्वांत जुन्या सचित्र पोस्टरांत गणली जातात.

अक्षरओळखीची अडचण आपल्या बीड जिल्ह्यात आणखी गुंतागुंतीची होती. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू. हिंदी चित्रपटांच्या पोस्टरवर नाव पुष्कळदा देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्यांत असे, याचे कारण अशा प्रदेशांत लगेच पटते. पण तिन्ही लिप्या न येणाऱ्याला आधार एकच, चित्राचा.

‘मदर इंडिया’चे (1957) प्रसिद्ध पोस्टर आठवून पाहू. नांगराचा भार वाहणारी नर्गिस हीच त्यातली मुख्य आकृती. नजर कुठे जावी याबद्दल शंका उरत नाही. हे पहिले तत्त्व, एका चित्रात एकच मुख्य गोष्ट. दुसरे तत्त्व तिरप्या रेषेचे. उभा खांब आणि आडवी जमीन आपल्याला स्थिर वाटतात, तर कललेली वस्तू ताण किंवा हालचाल सुचवते. नांगराच्या तिरप्या लाकडामुळे ओझे न सांगता कळते. तिसरे तत्त्व ओळखीच्या वस्तूचे. नांगर म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता अक्षरांकडे वळू. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढे कोनीय अंतर लागते. 30 मीटरवर ते सुमारे 9 मिलिमीटर भरते. अक्षर ओळखू येण्यासाठी त्याची उंची किमान पाच कला, म्हणजे सुमारे 44 मिलिमीटर हवी. सहज वाचता यावे म्हणून ती याच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेली बरी. देवनागरीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटून दिसला, तर ‘चिंता’ची ‘चिता’ होते!

रंगांचेही तसेच. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात फरक हवा, नुसता रंग वेगळा असून भागत नाही. गर्द निळ्यावर लाल अक्षरे जवळून भडक दिसतात, पण लांबून पुसट होतात. शिवाय संधिप्रकाशात डोळ्यातील ज्या दंडपेशी काम करतात, त्यांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. जत्रेतल्या तंबूत खेळ अंधार पडल्यावर सुरू होई. त्या वेळी लाल अक्षरे काळपट दिसणार आणि काळ्यावरची पिवळी टिकणार.

हे सारे आपल्या कामाचे आहे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातील साक्षरता सुमारे 77 टक्के होती. म्हणजे दर चार माणसांमागे जवळपास एकाला वाचता येत नव्हते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या पालकांसाठी आपण शाळेच्या भिंतीवर हंगामी वसतिगृहाची सूचना लावतो. बारा ओळी, बारीक अक्षर, वर शाळेचे नाव मोठे. ती कळली नाही, तर मूल आईबापांबरोबर फडावर जाते आणि वर्गातली त्याची जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते.

म्हणून वर्गात हा प्रयोग करून पाहू. मुलांनी एखादे पोस्टर आणि आपली सूचना शेजारी शेजारी लावावी. पाच, पंधरा आणि तीस मीटरवरून डोळे किलकिले करून दोन्ही पाहावीत आणि काय उरते ते लिहावे. मग नवी सूचना काढावी. दप्तर घेतलेले मूल, वसतिगृहाचे दार आणि तीन-चार मोठे शब्द, एवढे पुरे. ती वाचता न येणाऱ्या आजीला दाखवावी आणि ‘काय कळले?’ असे विचारावे. तिचे उत्तर हाच आपला निकाल.