एकांतांत वाढलेलीं माकडें

वरसाव्यालगतच्या रानांत पिलाला पोटाशीं धरून हिंडणारी माकडीण दिसली कीं मला अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठ आठवतें. तेथें १९६० नंतरच्या दशकांत हॅरी हार्लो ह्यांनीं ऱ्हीसस माकडांचीं पिलें जन्मापासून एकटीं कोंडलीं. तीन महिन्यांनीं सोडलेलीं सांवरलीं. सहा महिने किंवा वर्षभर कोंडलेलीं इतरांत मिसळेनात. प्रयोग क्रूर होता, हें मी लपवीत नाहीं. १९७२ सालीं मात्र लहान पिलांच्या सहवासानें सहा महिन्यांचीं कांहीं सुधारलीं. मेंदूंतील एक धागा २०१२ मध्यें उंदरांत सांपडला: दूध तुटतांच दोन आठवडे एकटे ठेवलेल्यांच्या मेंदूच्या पुढल्या भागांत तंतूंवरील आवरण पातळ झालें, व पुढें सोबत मिळूनहि भरलें नाहीं. प्रयोगशाळांना ऱ्हीसस माकडें मुख्यतः आपणच पुरवीत होतों. ती निर्यात मोरारजी देसाई ह्यांच्या सरकारनें १९७८ मध्यें थांबविली.