लहान शहरांतील वास्तव्य : सोलापूरचा दाखला

लहान शहरांत राहण्याचे तोटे कोणते, असा प्रश्न केला म्हणजे बहुधा ठरलेलीं उत्तरें मिळतात. उन्हाळा, धूळ, पाण्याचा तुटवडा, चांगल्या नाटकाचा वर्षाकांठीं एखादा प्रयोग, आणि आपल्या घरीं कोण पाहुणा आला हें आपल्याआधीं शेजाऱ्यास ठाऊक असणें! हीं उत्तरें खोटीं नाहींत. सोलापुरांत ज्यानें एक वैशाख काढला आहे तो उन्हाळ्याविषयीं वाद घालणार नाहीं. परंतु त्या शहराचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास पाहूं गेल्यास हे सारे तोटे वरवरचे वाटूं लागतात. खरा तोटा निराळाच आहे, आणि तो ध्यानांत येण्यास कधीं कधीं अर्धें आयुष्य खर्ची पडतें. म्हणून श्रोतेहो, आपण थोडें मागें जाऊं.

१८६० सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापुरास येऊन पोंचला. पुढें १८७७ मध्यें, महादुष्काळाच्या ऐन धामधुमींत, मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें येथें सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी सुरू झाली. तीच पुढें ‘जुनी गिरणी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिच्यामागून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णु अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग पूर्व भागांत घरोघर खडखडत होतेच. १९२१ च्या शिरगणतींत सोलापूरची वस्ती लाखावर गेली. मग अशा गांवास लहान कां म्हणावयाचें? तर एवढ्याचसाठीं कीं, संसार वाढूं लागला म्हणजे जें जें लागतें तें तें गांवाबाहेर होतें. कॉलेज बाहेर, हायकोर्ट बाहेर, वैद्यकीचें शिक्षण बाहेर आणि जुन्या गिरणीचे मालकही बाहेर.

कॉलेजचेंच पाहा. कोल्हापुरास राजाराम कॉलेज १८८० मध्यें झालें, पुण्यास फर्ग्युसन १८८५ मध्यें निघालें. सोलापूरच्या मानानें कितीतरी लहान असलेल्या सांगलीलाही १९१९ सालीं विलिंग्डन कॉलेज लाभलें. सोलापुरांत मात्र पहिलें कॉलेज, म्हणजे दयानंद कॉलेज, उघडावयास १९४० साल उजाडावें लागलें. आणि तेंही उघडलें कोणीं? ज्यांचें मुख्य ठाणें त्या काळीं लाहोरास होतें, त्या डी. ए. व्ही. संस्थेनें! पहिल्या गिरणीचा भोंगा वाजल्यापासून पहिल्या कॉलेजची घंटा वाजेपर्यंत त्रेसष्ट वर्षें गेलीं. गिरणींतून पैसा निघत नव्हता असें नाहीं. तो निघून कोठें जात होता हा प्रश्न आहे.

या त्रेसष्ट वर्षांत ज्यांच्या वडिलांस पुण्याची खोली व खाणावळ परवडली तीं मुलें पुढें गेलीं. बाकीचीं मॅट्रिकच्या दाखल्यावर कारकुनीस लागलीं. मुलींची गोष्ट तर बोलावयासच नको. माझ्या आजीची धाकटी बहीण १९३५ च्या सुमारास चांगल्या गुणांनीं मॅट्रिक झाली. तिच्या दोघां भावांस आधींच पुण्यास ठेवलेलें. तिसरा खर्च झेपेना हें एक कारण, आणि मुलीस परगांवीं कोणाच्या भरंवशावर ठेवावें हें दुसरें व अधिक बळकट. पांच वर्षांनीं गांवांत कॉलेज निघालें, तेव्हां तिच्या मांडीवर दुसरें मूल होतें. कॉलेज घरापासून टांग्याच्या वाटेवर होतें. तिनें त्याविषयीं कधीं तक्रार केल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. दाखला मात्र शेवटपर्यंत लुगड्यांच्या घडींत जपून ठेविला होता.

जे बाहेर गेले त्यांचा लौकिक झाला, आणि गांवानें त्याचा अभिमान मिरविला. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांतच झाला. परंतु त्यांची जहाजांची कंपनी मुंबईस निघाली, विमानांचा कारखाना बंगळूरास आणि जहाजबांधणी विशाखापट्टणास. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० सालीं येथें जन्मले, मुंबईस डॉक्टर झाले, १९३८ मध्यें चीनला गेले आणि १९४२ मध्यें तेथेंच वारले. सोलापुरांत वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें १९६३ सालीं. कर्तबगार माणसानें गांव सोडूं नये असें माझें म्हणणें नाहीं. पण जेथें कर्तबगारीची पहिली पायरीच स्टेशनावर असते, तेथें मागें राहिलेल्यांना आपण मागें पडलों असें उगीचच वाटूं लागतें. हें वाटणें मोठें वाईट.

आतां पुन्हा गिरणीकडे येतों, कारण या तोट्याचें खरें स्वरूप तेथेंच उघडें झालें. १९४९ च्या ऑगस्टमध्यें जुनी गिरणी संचालकांनीं बंद केली. आशियांतील मोठ्या गिरण्यांत जिची गणना होई तिचा भोंगा थांबल्यावर गांवाचें काय झालें असेल याची कल्पना मुंबईकरास येणें कठीण आहे. मुंबईस एका दरवाजांतून काढलेला कामगार दुसऱ्या दरवाजाशीं उभा राहूं शके. सोलापुरांत दरवाजे मोजकेच. शिवाय कामगाराचा पगार थांबला कीं किराणा दुकानाची उधारी थांबते, घरभाडें थांबतें, शाळेची फी थांबते. लहान गांवांत एकच पैसा सर्वांच्या हातांतून फिरत असतो.

१९५० च्या जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून कारभार आपल्या हातीं घेतला व मागाहून त्याचा कायदा झाला. लगेच भागधारक न्यायालयांत गेले. १९५० च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें एका भागधारकाचा अर्ज फेटाळला. १९५३ च्या डिसेंबरांत दुसऱ्याच्या दाव्यांत तोच कायदा घटनाबाह्य ठरविला. १९५५ ची घटनेची चौथी दुरुस्ती ज्या निवाड्यांमुळें करावी लागली त्यांत हा एक. कायद्याचे विद्यार्थी आजही सोलापूरच्या गिरणीचे हे खटले अभ्यासतात. मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न त्यांत फार खोल जाऊन तपासला आहे. परंतु तेथें भांडणारे पक्ष पाहा : एकीकडे सरकार, दुसरीकडे भागधारक. ज्या माणसांची चूल त्या भोंग्यावर पेटत होती ती वादी नव्हती, प्रतिवादीही नव्हती. गिरणी पुढें चालली, पण अखेर बंद पडावयाची ती पडलीच.

कोणी म्हणेल, हें फार एकांगी झालें. सोलापुरांत १९४१ सालीं खांडेकरांच्या अध्यक्षतेखालीं साहित्यसंमेलन भरलें नव्हतें काय? भरलें होतें, आणि तसे दिवस गांव वर्षानुवर्षें आठवतें. मात्र मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू अशा चार भाषा नांदणाऱ्या शहरांत एकेका भाषेचा वाचक थोडाच उरतो, म्हणून संमेलनाचा मांडव उतरल्यावर लेखकाला पुन्हा पुण्याच्या प्रकाशकाचेंच दार पाहावें लागे.

१९४० मध्यें निघालेलें तें कॉलेज आधीं मुंबई, मग पुणें, मग कोल्हापूर अशा तीन विद्यापीठांच्या छायेंत राहिलें. इमारत हलली नाहीं, पदवीवरचें गांव तेवढें बदलत गेलें. सोलापूरचें स्वतःचें विद्यापीठ २००४ सालीं झालें. २०२३ पासून मुंबईस जाणारी नवी जलद गाडी सहाच्या सुमारास सुटते, आणि पहांटे फलाटावर पुण्यास नोकरीला असलेल्या मुलामुलींना पोंचवावयास आलेल्या आया दिसतात. त्यांच्या हातच्या डब्यांत कडक भाकरी व शेंगांची चटणी असते. हे जिन्नस पुण्यासही विकत मिळतात, हें त्यांना ठाऊक आहे.